नाकारलेला परवाना आणि पढविलेला निकाह



शव्वालचा महिना लागला की आमच्या गुलमंडीचा रस्ता पायी चालण्याजोगा राहत नाही. पैठणगेटकडून यावे तर साड्यांची दुकाने, मछली खडकाकडून यावे तर शेरवान्या, सेहरे, चुडे आणि त्यांतून वाट काढणारी लग्नघरांची माणसे. हिंदू घरांची लग्नसराई तिथीने चालते, आमची चंद्राने. दुकानदाराला दोन्ही सारख्याच. याच परिसरातील एका गल्लीतील मशिदीत हा लेखक इमामत करतो. निकाहांची नोंदवही माझ्या खोलीतील लोखंडी कपाटात असते आणि शव्वालात ती कपाटात कमी व बगलेत जास्त असते.

अशाच एका शुक्रवारी दर्स संपल्यावर महाविद्यालयात शिकणाऱ्या एका तरुणाने उभे राहून विचारले, "मौलाना, सर्वोच्च न्यायालयाने पुरुष-पुरुष आणि स्त्री-स्त्री यांच्या विवाहाला मान्यता नाकारली. म्हणजे इस्लामचे म्हणणे देशाच्या न्यायालयानेही मान्य केले, असेच ना?" सभोवतालच्या अनेक माना समाधानाने हलल्या. मी 'होय' म्हणालो नाही. का म्हणालो नाही, ते तेथे पाच मिनिटांत सांगता आले नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

प्रथम निर्णय काय होता ते नीट पाहू या, कारण आमच्यापैकी बहुतेकांनी तो मोबाईलवरील दोन ओळींत वाचला आहे. हैदराबादच्या दोन पुरुषांनी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये याचिका केली. पुढे तशाच आणखी याचिका तिला जोडल्या गेल्या. त्यांचे म्हणणे असे की, विशेष विवाह कायदा, १९५४ अन्वये विवाह नोंदणी अधिकारी आमची नोंद करीत नाही, आणि हा समतेच्या हक्काचा भंग आहे. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०२३ च्या एप्रिल-मेमध्ये दहा दिवस सुनावणी घेतली. सुनावणीच्या आरंभीच न्यायालयाने स्पष्ट केले की, कोणत्याही धर्माच्या व्यक्तिगत कायद्यात आम्ही शिरणार नाही. जमीअत उलमा-ए-हिंद या संघटनेनेही न्यायालयात जाऊन याचिकांना विरोध नोंदविला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल लागला. राज्यघटनेने विवाहाचा मूलभूत हक्क दिलेला नाही, आणि विशेष विवाह कायद्यात न्यायालय नवे शब्द घालू शकत नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. अशा जोडप्यांना विवाहाखेरीज एखादे कायदेशीर सहजीवन मिळावे काय, यावर मात्र तीन विरुद्ध दोन असे मत पडले, आणि त्या दोघांत स्वतः सरन्यायाधीश होते. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विलोकनाच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या.

आता, वाचकहो, या निर्णयात आपला धर्मग्रंथ कोठे आहे? कोठेही नाही. न्यायालयाने 'हे पाप आहे' असे म्हटले नाही. उलट २०१८ च्या ६ सप्टेंबर रोजी त्याच न्यायालयाने कलम ३७७ मधील तो गुन्हा रद्द केलेला आहे, आणि २०२३ मध्येही अशा व्यक्तींना छळ, हिंसा व सक्ती यांपासून संरक्षण मिळाले पाहिजे, असेच बजावले. न्यायालय म्हणाले ते इतकेच की, विवाह काय आहे हे ठरविण्याचे काम कायदेमंडळाचे आहे. माना हलविणाऱ्या माझ्या बंधूंनी याच वाक्यापाशी थोडे थांबावे. विवाह हा मूलभूत हक्क नसून कायद्याने दिलेली गोष्ट असेल, तर तो नियम त्या हैदराबादच्या दोघांपुरता राहत नाही. आमचा निकाहही या देशात १९३७ च्या शरीअत कायद्याच्या आधाराने ओळखला जातो, आणि तोही कायदेमंडळानेच केलेला कायदा आहे. आसाम विधानसभेने २०२४ मध्ये १९३५ चा मुस्लिम विवाह व तलाक नोंदणी कायदा रद्द केला. उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता लागू झाली. ज्या फांदीवर दुसऱ्याला जागा नाकारली गेली म्हणून आम्ही हर्षित झालो, त्याच फांदीवर आम्हीही बसलो आहोत.

येथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. शाहबानो प्रकरणाचा निर्णय २३ एप्रिल १९८५ रोजी ज्या पीठाने दिला, त्याचे अध्यक्ष होते सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड, म्हणजे धनंजय चंद्रचूड यांचे वडील. त्या वेळी आमच्या वडीलधाऱ्यांनी रस्त्यावर येऊन म्हटले की, न्यायालयाने आमच्या ग्रंथाचा अर्थ लावू नये. आणि १९८६ मध्ये संसदेने कायदा करून तो निर्णय बाजूला सारला. पित्याच्या न्यायालयाला आम्ही म्हणालो, 'तुम्ही बोलू नका'. पुत्राच्या न्यायालयात आमचीच एक संघटना आपण होऊन गेली आणि म्हणाली, 'तुम्ही बोला, पण आमच्या बाजूने बोला.' जमीअतचे जाणे गैर होते असे मला म्हणावयाचे नाही. नागरिक म्हणून तो तिचा हक्क होता. परंतु न्यायालयाच्या दारात उभे राहताना आपण कोणत्या नात्याने उभे आहोत, हे ज्याचे त्याला ठाऊक असावे.

आणि परवाना नाकारला गेला म्हणून न्यायालयात जाणारे केवळ 'ते' आहेत, असेही समजू नका. ठाणे महानगरपालिकेच्या विवाह नोंदणी कार्यालयाने एका मुस्लिम पुरुषाच्या तिसऱ्या विवाहाची नोंद करण्यास नकार दिला होता. राज्याच्या १९९८ च्या कायद्यात एकच विवाह अभिप्रेत आहे, असे कार्यालयाचे म्हणणे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते म्हणणे अमान्य केले आणि मुस्लिम पुरुषाला एकाहून अधिक विवाह नोंदविण्यास या कायद्याची आडकाठी नाही, असे सांगितले. त्याच उच्च न्यायालयात २०२५ मध्ये एका समलिंगी जोडप्याने प्राप्तिकर कायद्याला आव्हान दिले आहे: पती-पत्नींनी एकमेकांस दिलेल्या भेटीवर कर लागत नाही, आम्हांला मात्र लागतो, हा भेद का? एकाच इमारतीत, एकाच राज्यघटनेचा आधार घेऊन दोन अर्जदार उभे राहिले. पहिल्याच्या वेळी आम्ही 'न्याय झाला' म्हणालो. दुसऱ्याच्या अर्जाला त्याचे म्हणणे मांडण्याची संधीच मिळू नये, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार?

एवढे वाचून कोणी म्हणेल की, मौलाना आता दुसरीकडे झुकू लागले. म्हणून जे स्पष्ट आहे ते स्पष्टच लिहितो. इस्लाममध्ये निकाह हा पुरुष आणि स्त्री यांच्यामधील करार आहे. आदरणीय प्रेषित लूत (अ.) यांच्या जनसमूहाची हकीकत दिव्य कुरआनमध्ये अनेक ठिकाणी आली आहे, आणि समलिंगी संभोग निषिद्ध असण्याविषयी उम्मतीच्या विद्वानांत मतभेद नाही. नेदरलँड्समध्ये २००१ साली कायदा लागू झाला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मताने निर्णय दिला, जानेवारी २०२५ मध्ये थायलंडात कायदा लागू झाला. उद्या आपल्या संसदेनेही केला, तरी माझ्या नोंदवहीतील निकाहाची व्याख्या बदलणार नाही. ती व्याख्या मी केलेली नाही, म्हणून बदलण्याचा अधिकारही मला नाही. मनात कल उद्भवणे आणि कृती करणे यांत मात्र शरीअतने भेद केला आहे. मनात उठणाऱ्या गोष्टीचा जाब तिच्यावर कृती होईपर्यंत विचारला जात नाही, हे हदीसचे सामान्य विद्यार्थीही जाणतात. ज्याच्या मनाचा कल वेगळा आहे आणि जो स्वतःला आवरून जगतो, तो माझ्या मते आमच्यापैकी अनेकांहून मोठ्या परीक्षेत बसलेला आहे.

परंतु त्या तरुणाच्या प्रश्नाने मला अस्वस्थ केले त्याचे कारण ना न्यायालय होते, ना संसद. कारण माझ्या कपाटात होते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. इशाच्या नमाजनंतर एक तरुण मागे थांबला. घर कापडाच्या व्यापारातले, मुलगा नमाजी, वडील पहिल्या सफेतले. बराच वेळ तो चटईच्या दशा ओढत बसला आणि मग म्हणाला की, आपल्याला स्त्रीविषयी ओढ वाटत नाही, कधीच वाटली नाही, पुरुषांविषयी वाटते. त्याने कोणतेही वाईट कृत्य केले नव्हते. घरात लग्न ठरत होते. तो विचारत होता, "हजरत, मी काय करू?" मी तेव्हा मदरशातून बाहेर पडून फार दिवस झाले नव्हते. रोजे ठेव, दुआ कर, असे मी सांगितले. ते योग्यच होते. आणि पुढे म्हणालो, "निकाह कर. निकाहने सर्व ठीक होते."

त्याचा निकाह मीच पढविला. वधू जालन्याची होती. महर ठरला, साक्षीदारांच्या सह्या झाल्या, मुलाने 'कबूल' म्हटले. आवाज बारीक होता, पण नवऱ्यामुलांचा असतोच. नान-खलियाच्या पंगती उठल्या. चौदा महिन्यांनी ती मुलगी आईला घेऊन माझ्यासमोर आली, खुला मागण्यासाठी. नवऱ्याविरुद्ध तिची तक्रार नव्हती. तो मारत नव्हता, शिवी देत नव्हता, खर्चाला पैसे देत होता. फक्त तो तिचा नव्हता, आणि ही गोष्ट त्यानेच एका रात्री रडत रडत तिला सांगितली होती. आपण आधी कोणाला बोललो होतो, हेही सांगितले होते. आई काही बोलत असताना ती मध्येच म्हणाली, "मौलानासाहेब, तुम्हांला ठाऊक होते ना?"

वाचकहो, त्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.

खुला झाला. आदरणीय प्रेषित (स.) यांच्यासमोर साबित बिन कैस (र.) यांच्या पत्नी आल्या होत्या आणि पतीच्या धर्माविषयी वा वर्तनाविषयी आपली तक्रार नाही, तरी त्यांच्यासोबत राहवत नाही, असे म्हणाल्या होत्या. प्रेषितांनी (स.) त्यांना दोष दिला नाही, महरमध्ये मिळालेली बाग परत करण्यास सांगून त्यांना मोकळे केले. बुखारी शरीफमधील ही हदीस मी विद्यार्थ्यांना शिकवीत आलो होतो. परंतु ती हदीस दुसऱ्या टोकाची आहे, गाठ सोडवितानाची. मी ज्या ठिकाणी चुकलो ते टोक गाठ बांधतानाचे होते. अरबीत निकाहाला 'अक्द' म्हणतात, म्हणजे गाठ. मराठीतही आपण लग्नगाठच म्हणतो. बी.ए.च्या वर्गात हे साम्य सापडले तेव्हा मी हरखून गेलो होतो. आता वाटते की, गाठ बांधणाऱ्याने दोरीची दोन्ही टोके हातात घेऊन पाहिली पाहिजेत, हे त्याच वेळी सुचायला हवे होते.

फिकहच्या ग्रंथांत हे सर्व पूर्वीच लिहिलेले आहे, आणि मी ते परीक्षेत लिहून गुणही मिळविले होते. हनफी विद्वानांनी निकाहाचे एकच एक फर्मान सांगितलेले नाही. कोणासाठी तो फर्ज, कोणासाठी वाजिब, सामान्यतः सुन्नत. परंतु ज्याला आपल्या हातून पत्नीवर अन्याय होईल अशी भीती आहे त्याच्यासाठी मकरूह, आणि ज्याला तशी खात्रीच आहे त्याच्यासाठी हराम. हराम! आणि आमच्या मोहल्ल्यात मात्र निकाह म्हणजे जणू अत्तारीकडे मिळणारी औषधाची पुडी: मुलगा बिघडला, निकाह करा, मुलगा गप्प गप्प असतो, निकाह करा, मुलाला मुलींत रस नाही, तर मग लवकर करा. त्या औषधात एक जिवंत मुलगी घातलेली असते, हे कोणाच्या लक्षात येत नाही. दिव्य कुरआनने सूरह अन्-निसामध्ये विवाहाला दृढ वचन म्हटले आहे, आणि ते वचन स्त्रियांनी पुरुषांकडून घेतलेले आहे. ज्या घरात वचन घेणारीलाच अंधारात ठेवले, तेथे विवाहसंस्थेचे पावित्र्य वाचविल्याच्या गोष्टी कोणी करू नयेत.

आता आपण विचाराल की, तुम्ही काय करावयास हवे होते? मुलाने विश्वासाने सांगितले होते, ती अमानत होती. दुसऱ्याचे दोष झाकावेत ही प्रेषितांची (स.) शिकवण. बरोबर. परंतु दुसरीही हदीस आहे. फातिमा बिन्ते कैस (र.) यांना दोन स्थळे आली असता त्यांनी प्रेषितांना (स.) सल्ला विचारला. प्रेषितांनी (स.) दोघांच्याही उणिवा स्पष्ट सांगितल्या: एकजण निर्धन, दुसरा स्त्रियांशी कठोर, आणि तिसरे नाव सुचविले. म्हणून उलमांनी म्हटले आहे की, विवाहाच्या सल्ल्यात उणीव सांगणे ही निंदा होत नाही. मग अमानत जपावी की सल्ला द्यावा? मी पुष्कळ दिवस या दोहोंमध्ये अडकलो होतो. मला आज जे सुचते ते असे: मुलाचे गुपित मुलीच्या घरी जाऊन फोडण्याचा अधिकार मला नव्हता, परंतु निकाह पढविण्याचे बंधनही माझ्यावर नव्हते. मी मुलाला म्हणू शकलो असतो की, बाबा, तू अविवाहित राहिलास तर तुझ्यावर पाप नाही. आणि लग्न करायचेच असेल तर तिला आधी सांग, ती समजून-उमजून 'हो' म्हणाली तर मी आनंदाने येईन. तिला न सांगता करणार असशील, तर माझ्या हातून नाही. यात कोणाचे गुपित फुटले नसते. फक्त माझ्या 'सर्व ठीक होते' या वाक्याची अडचण झाली असती.

अमेरिकेत २०१५ च्या निर्णयानंतर केंटकी राज्यातील एका काउंटीच्या लिपिक, किम डेव्हिस, यांनी आपल्या ख्रिस्ती श्रद्धेचे कारण देऊन समलिंगी जोडप्यांना विवाहाचा परवाना देण्यास नकार दिला आणि त्यापायी काही दिवस तुरुंगात काढले. आमचे काही तरुण त्यांचे कौतुक करतात. माझे मत थोडे वेगळे आहे. त्या शासनाच्या खुर्चीवर होत्या. ज्याला त्या खुर्चीचे काम आपल्या श्रद्धेत बसत नाही, त्याने खुर्ची सोडावी, दारात आलेल्याला परत पाठवू नये. इमामाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या चटईवर शासनाचा हुकूम चालत नाही, आणि नेमके त्यामुळेच त्याची जबाबदारी अधिक आहे. ज्याला 'नाही' म्हणण्याचे पूर्ण स्वातंत्र्य आहे तो मोहल्ल्याच्या भिडेने 'हो' म्हणतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

ज्या घरांत अशी मुले-मुली आहेत त्या घरांविषयीही दोन शब्द. ती घरे आपल्याला वाटतात त्याहून जवळ आहेत. केरळ उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दोन सज्ञान तरुणींना एकत्र राहण्याची मोकळीक दिली, तेव्हा त्या दोघी मुस्लिम घरांतील होत्या आणि एकीला तिच्या घरच्यांनी बळाने नेले होते. कृतीला आपण हराम म्हणतो, म्हणू. परंतु मारहाण करणे, कोंडून ठेवणे, फोन तपासत बसणे, नातलगांत चर्चा करणे यांना हलाल कोणी केले? सूरह अल्-हुजुरातमध्ये हेरगिरी आणि पाठीमागील निंदा या दोहोंना एकाच आयतीत मनाई आहे. आदरणीय उमर (र.) यांच्याविषयी अशी एक कथा आमच्या परंपरेत सांगितली जाते की, ते रात्री एका घराची भिंत चढून आत गेले आणि आतील माणसाला गुन्हा करताना पकडले. तो म्हणाला, "मी एक चूक केली, आपण तीन केल्या: हेरगिरी केलीत, दार सोडून भिंतीवरून आलात, आणि सलाम न करता शिरलात." खलिफा परत फिरले. बापांनी ही कथा लक्षात ठेवावी. मुलाच्या खोलीचे दार भिंतीसारखे ओलांडण्यापूर्वी सलाम करावा, मग बसून ऐकावे. ऐकणे म्हणजे मान्य करणे नव्हे. पण न ऐकता लग्नाची तारीख काढणे म्हणजे दुसऱ्याच्या मुलीवर अन्याय आहे.

आता निकाहापूर्वी मी मुलाला व मुलीला, दोघांनाही, वेगवेगळे भेटतो. मुलीकडे माझी पत्नी जाते. खन्सा बिन्ते खिदाम (र.) यांचा विवाह वडिलांनी त्यांच्या इच्छेविरुद्ध लावला असता प्रेषितांनी (स.) तो रद्द ठरविला होता, ही हदीस मी वडीलधाऱ्यांना सांगतो आणि म्हणतो की, मुलाच्या इच्छेलाही तोच न्याय लावा. काहीजण रागावतात. 'मौलाना निकाह पढवितात की मुलाखत घेतात?' असे एकाने मशिदीच्या हौदावर माझ्या देखत म्हटले.

गेल्या शाबानमध्ये एक परिचित गृहस्थ मिठाईचा डबा व लग्नाची तारीख घेऊन आले. मुलगा सोबत होता. मी मुलाला आतल्या खोलीत नेऊन विचारले. तो बोलला नाही, फक्त रडला. बाहेर येऊन मी वडिलांना म्हणालो की, तारीख थोडी पुढे ढकलू, मुलाला माझ्याकडे येऊ द्या, आम्ही बोलू. कारण सांगितले नाही. त्यांनी कारण विचारलेही नाही, त्यावरून मला वाटते की, त्यांना ते ठाऊक असावे. डबा उचलून ते उठले. निकाह दुसऱ्या मशिदीत ठरला असे पुढे कानावर आले, आणि मग तो लांबला असेही आले. खरे काय ते मी शोधले नाही. ते गृहस्थ आजही जुहरला येतात, तिसऱ्या सफेत उभे राहतात आणि सलाम फिरताच चपला घालून निघून जातात. मुलगा मात्र गुलमंडीच्या कोपऱ्यावर समोर आला की थांबतो आणि सलाम करतो.